‘आठवत नाही’ म्हणणाऱ्याला काय काय ठाऊक असतं

संगणकाच्या पडद्यावर एक शब्द उमटतो आणि लगेच त्याच जागी रेघांची गिचमीड येते. शब्द दिसला तो सेकंदाच्या काही शंभराव्या भागापुरता. समोर बसलेल्या अल्झायमरच्या रुग्णाला एवढंच विचारायचं, काय लिहिलं होतं? पहिल्या खेपेला बहुधा कोणालाच सांगता येत नाही. मग तोच शब्द पुन्हा, किंचित जास्त वेळ. पुन्हा, आणखी किंचित जास्त. कधीतरी तो वाचला जातो आणि त्याला किती वेळ लागला याची नोंद होते.

यात एक मेख आहे. पडद्यावर येणाऱ्या शब्दांपैकी काही शब्द याच माणसाने थोड्या वेळापूर्वी निवांतपणे वाचलेले असतात. समजा पाचोळा, गुलकंद, सरपण, असे. ते वाचल्याचं त्याला आता आठवत नाही. यादी पुढे ठेवून ‘यातले मघाशी कोणते पाहिलेत?’ असं विचारलं, तर उत्तर जवळजवळ अंदाजपंचे. पण पडद्यावर तेच शब्द लखलखून गेले, की नव्या शब्दांपेक्षा तो ते कमी वेळात ओळखतो. त्याच्या वयाच्या निरोगी माणसांना एकूणच कमी वेळ लागतो, हे खरं. मात्र आधी वाचल्यामुळे जो फायदा होतो, तो दोघांनाही सारखाच.

मार्गारेट कीन, जॉन गॅब्रिएली, सुझॅन कॉर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हा प्रयोग केला आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच शोधनिबंधात शब्दांचा दुसराही एक प्रयोग आहे. त्यात मात्र अल्झायमरच्या रुग्णांना आधी वाचल्याचा पुरेसा फायदा झालाच नाही. आजार तोच, शब्दही तसलेच, आणि निकाल उलटे. या उलटेपणात खरी मौज आहे. पण तिथवर पोचायला थोडं मागून यावं लागेल.

१९११ मध्ये जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद या मानसशास्त्रज्ञाने एक खोडी केली. आज कोणतीही नीतिसमिती त्याला परवानगी देणार नाही. कोर्साकॉफच्या विकाराने स्मृती गमावलेली एक बाई त्याच्या देखरेखीखाली होती. रोज भेटणारी माणसं तिला रोज नवी वाटायची. हस्तांदोलन करताना त्याने बोटांच्या बेचक्यात टाचणी लपवली आणि तिला टोचली. काही मिनिटांत ती घटना विसरून गेली. पण त्याने पुन्हा हात पुढे केला, तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, असं विचारल्यावर तिला कारण सांगता येईना. हाताला हात द्यायलाच हवा असं थोडंच आहे, कधी कधी लोकांच्या हातात टाचणी असते, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलली. टोचल्याची आठवण नाही, पण सावधपणा शिल्लक.

एच. एम. या आद्याक्षरांनी जगाला माहीत झालेले हेन्री मोलेसन यांची गोष्ट बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. १९५३ मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढल्यावर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. तरी आरशात बघून चांदणी गिरवण्याचं त्यांचं कसब दिवसेंदिवस सुधारत गेलं. आपण हे काल केलं होतं, हे मात्र त्यांना आठवायचं नाही. हात शिकतो, मन विसरतं, अशी समजूत काढून लोक तिथेच थांबले. हे सायकल चालवण्यासारखं असेल, अंगवळणी पडण्याचा भाग असेल.

शब्दांनी ही समजूत मोडली. एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि लॉरेन्स वाइस्क्रांट्झ यांनी १९६८ मध्ये स्मृती गेलेल्या रुग्णांना तुकड्या-तुकड्यांत पुसलेली चित्रं आणि शब्द दाखवले. आधी अगदी अपुरं, मग थोडं भरलेलं, मग पूर्ण. दुसऱ्या दिवशी त्यांना तीच चित्रं आणि तेच शब्द कमी तुकड्यांवरून ओळखता आले. चाचणी काल झाली, हेच काहींना मान्य नव्हतं. इथे अंगवळणी पडायला हातापायांचं काही कामच नव्हतं. एक शब्द एकदा नजरेखालून गेला, आणि तेवढ्याने मेंदूत काहीतरी बदललं.

या बदलाला मानसशास्त्रात प्रायमिंग म्हणतात. आपोआप कामी येणाऱ्या, पण ‘मला आठवतंय’ अशी जाणीव न देणाऱ्या स्मृतीला अव्यक्त स्मृती आणि जाणीवपूर्वक आठवता येते तिला व्यक्त स्मृती, ही जोडी पीटर ग्राफ आणि डॅनियल शॅक्टर यांनी १९८५ मध्ये रूढ केली. त्याच्या आदल्या वर्षी ग्राफ यांनी लॅरी स्क्वायर आणि जॉर्ज मँडलर यांच्याबरोबर केलेला एक प्रयोग मला या सगळ्या शाखेतला सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात बदललेली गोष्ट फक्त एक वाक्य आहे.

रुग्णांना शब्दांची यादी दाखवली. नंतर त्या शब्दांची नुसती सुरुवातीची अक्षरं दिली. एका वेळी सांगितलं, ‘या अक्षरांच्या मदतीने मघाच्या यादीतला शब्द आठवा.’ रुग्ण निरोगी माणसांच्या खूप मागे पडले. दुसऱ्या वेळी तशीच अक्षरं देऊन सांगितलं, ‘या अक्षरांनी सुरू होणारा, मनात येईल तो पहिला शब्द सांगा.’ रुग्ण निरोगी माणसांच्या बरोबरीने यादीतले शब्द सांगू लागले. कागद सारखा, अक्षरं तशीच, डोकंही तेच. ‘आठव’ म्हटलं की दार बंद, ‘सुचेल ते सांग’ म्हटलं की उघडं.

मूळ प्रयोग इंग्रजीत होता. मराठीत करायचा तर आत्ताच करता येईल. ‘गुल’ने सुरू होणारा, मनात येईल तो पहिला शब्द सांगा. आता ‘पाच’ने सुरू होणारा.

गुलाब, गुलाल, गुलाम, गुलमोहर, अशी मराठीत रांगच आहे. ‘पाच’ म्हटल्यावर पाचू आहे, पाचर आहे, पाचक आहे. ज्यांच्या मनात गुलकंद किंवा पाचोळा आला, त्यांनी वर दुसऱ्या परिच्छेदाकडे एकदा बघावं. अर्थात एका वाचकावरून काही सिद्ध होत नाही. ज्याला जेवणानंतर मसाला पान लागतं, त्याला गुलकंद एरवीही सुचेल. म्हणून खऱ्या प्रयोगात, यादी न पाहता किती जण तोच शब्द सांगतात हे आधी मोजतात. त्याच्यावर जेवढी वाढ होईल, तेवढंच प्रायमिंग.

इथवर चित्र सरळ होतं. व्यक्त स्मृती हिप्पोकॅम्पसच्या भरवशावर चालते, प्रायमिंगला त्याची गरज नाही. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या दारातला भाग सुरुवातीलाच सापडतो. म्हणजे अल्झायमरच्या रुग्णातही प्रायमिंग शाबूत असणार. तर्क बिनतोड होता. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात आर्थर शिमामुरा, डेव्हिड सॅमन, लॅरी स्क्वायर आणि नेल्सन बटर्स यांनी तीन आजारांच्या रुग्णांना अक्षरांवरून शब्द पुरा करायला दिला. कोर्साकॉफचे रुग्ण, हंटिंग्टनचे रुग्ण आणि अल्झायमरचे रुग्ण. पहिल्या दोन गटांत प्रायमिंग व्यवस्थित निघालं. अल्झायमरच्या गटात ते स्पष्टपणे कमी पडलं.

कोर्साकॉफच्या माणसाला व्यक्त स्मृतीच्या चाचणीत बसवलं तर तोही दाणकन आपटतो. तरी ‘सुचेल ते सांग’ म्हटल्यावर तो तरतो आणि अल्झायमरचा रुग्ण तरत नाही. म्हणजे अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसखेरीज आणखी काहीतरी जातं, आणि त्या ‘आणखी काहीतरी’वर शब्द सुचणं अवलंबून असतं.

हा निकाल आल्यावर काही वर्षं संशोधकांची तारांबळ उडाली. एका प्रयोगशाळेत प्रायमिंग गेलेलं दिसे, तर दुसरीत राहिलेलं. रुग्ण वेगळे म्हणून, आजाराचा टप्पा वेगळा म्हणून, असं म्हणून पाहिलं. गुंता सुटू लागला तो कीन आणि मंडळींच्या त्या १९९१च्या निबंधाने. पडद्यावर लखलखून जाणारा शब्द ओळखण्यात प्रायमिंग शाबूत. अक्षरांवरून शब्द पुरा करण्यात प्रायमिंग कमजोर. प्रायमिंग नावाची एकच एक गोष्ट नव्हतीच. जिला आपण अव्यक्त स्मृती म्हणून एका नावाखाली घेतलं, तिचेच आत आणखी भाग होते. अल्झायमरने त्यातला एक कुरतडला होता आणि दुसऱ्याला हात लावला नव्हता.

योगायोग असा, की त्याच १९९१ साली जर्मनीत हाइको आणि एफा ब्राक या दांपत्याचा एक निबंध आला. त्यांनी ८३ मेंदूंचे काप तपासून अल्झायमरमधल्या गाठी कुठून कुठे पसरत जातात, याचा क्रम लावला. सुरुवात हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या पट्ट्यात, मग हिप्पोकॅम्पस, मग कानशिलाकडचे आणि पुढचे ते भाग, जिथे अर्थ, नावं, संबंध यांची जुळणी होते. डोक्याच्या मागच्या बाजूचा, डोळ्यांनी पाहिलेलं सर्वांत आधी झेलणारा भाग आणि हालचालींचा मुख्य भाग बराच काळ वाचतो. हा नकाशा कीन यांच्या निकालांवर ठेवून बघावा. शब्दाचा आकार ओळखायचा तर मागच्या भागाचं काम. तो शाबूत, फायदाही शाबूत. ‘गुल’वरून अख्ख्या शब्दसंग्रहात हिंडून एक शब्द उचलून आणायचा, तर अर्थाच्या जाळ्याचं काम. जाळं विरलेलं, फायदाही विरलेला.

तरीही शंकेखोर म्हणेल, की एक काम सोपं आहे आणि दुसरं अवघड, एवढंच. रुग्णाला सोपं जमलं, अवघड जमलं नाही. या शंकेला उत्तर हवं तर उलट माणूस सापडायला हवा. जाणीवपूर्वक आठवतं, पण डोळ्यांचं प्रायमिंग नाही, असा. आणि तो सापडला. गॅब्रिएली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एम. एस. या रुग्णाबद्दल लिहिलं. अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूचा मागचा उजवा भाग काढलेला होता. कोणते शब्द मघाशी पाहिले, हे तो नीट ओळखे. पण तेच शब्द पडद्यावर लखलखले, की आधी पाहिल्याचा त्याला तसूभरही फायदा होत नसे. अल्झायमरच्या रुग्णाची अगदी आरशातली प्रतिमा. कल्पना करून बघा, एकाला आठवतं पण नजरेला सराव होत नाही, दुसऱ्याच्या नजरेला सराव होतो पण त्याला आठवत नाही. मला तर ही दोन माणसं शेजारी बसलेली दिसतात.

वाद मात्र पूर्ण मिटला नाही, आणि ते बरंच झालं. काहींनी वेगळी विभागणी सुचवली. फरक आकार आणि अर्थ यांच्यातला नाही, ओळखणं आणि शोधून काढणं यांच्यातला आहे. समोर असलेलं ओळखायचं असेल तर रुग्णाला जमतं. अनेक उमेदवारांतून एक निवडून काढायचा असेल तर अडतं. काहींनी दाखवलं, की शब्द दाखवतानाच त्याच्या अर्थाकडे मुद्दाम लक्ष वेधलं, तर शब्द पुरा करण्यातही रुग्ण बरोबरीला येतात. म्हणजे बिघाड नंतर शब्द सुचण्यात कमी आणि मुळात शब्द वाचताना तो किती आत गेला, यात जास्त. माझा कल या शेवटच्या म्हणण्याकडे झुकतो. नुसतं ‘वाच’ म्हटल्यावर निरोगी माणूस अर्थापर्यंत आपसूक जातो. जिथे अर्थच धूसर होत चाललाय, तिथे आवाज निघतो आणि शब्द उंबरठ्यावरून परत जातो.

अर्थ धूसर होणं म्हणजे काय, हे या आजाराच्या अगदी पहिल्या नोंदीत दिसतं. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात आलोइस अल्झायमर ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंशी रोज बोलून टिपणं काढत होते. त्या जेवत होत्या. पानात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, पालक. उत्तर चुकलं, पण पार भलतीकडे गेलं नाही. जेवणाच्या ताटातून बाहेर न जाता चुकलं. जाळं फाटतानाही वीण कुठे कुठे धरून असते.

या विणीचीच एक तऱ्हेवाईक गोष्ट पुढे कॅनडात सापडली. डेव्हिड मायर आणि रॉजर श्व्हानेवेल्ट यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं, की ‘डॉक्टर’ हा शब्द आधी आला तर पाठोपाठचा ‘नर्स’ हा शब्द आपण अधिक पटकन वाचतो. एका शब्दाने त्याच्या नातलगांना जागं केलेलं असतं. अल्झायमरमध्ये हा परिणाम कमी होईल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. हॉवर्ड चर्टकोव आणि सहकाऱ्यांना १९८९ मध्ये तो जास्त आढळला. ज्या वस्तूंबद्दलचं ज्ञान रुग्णाच्या मनातून निसटत होतं, नेमक्या त्यांच्याच नावांना आधीच्या शब्दाची मदत निरोगी माणसांपेक्षा अधिक झाली. गुडघे धड असले तर जिन्याला कठडा आहे की नाही हे लक्षातही येत नाही. गुडघे धरलेल्याला मात्र त्या कठड्यानेच अर्धा जिना चढून होतो. या शब्दांचं तसंच. या ‘जास्त’ प्रायमिंगचा खुलासा याहून वेगळाही करणारे आहेत, पण मूळ निरीक्षण चकित करणारं आहे. ज्ञान ढासळतंय, याची खूण कधी कधी कामगिरी सुधारण्यात दिसते.

आणि हात? ते कुठे बसतात या सगळ्यात? विल्यम हाइंडेल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये फिरत्या तबकडीवरच्या एका ठिपक्यावर काठीचं टोक टेकवून ठेवायचं काम दिलं. अल्झायमरचे रुग्ण सरावाने निरोगी माणसांसारखेच सुधारले. हंटिंग्टनचे रुग्ण, ज्यांचं शब्दांचं प्रायमिंग उत्तम होतं, ते इथे मागे पडले, कारण त्यांच्या मेंदूत खोलवरची, हालचालींची सवय लावणारी केंद्रं बिघडलेली असतात. एका आजारात शब्द जातात आणि हात राहतो, दुसऱ्यात हात जातो आणि शब्द राहतात.

हे सगळं मेंदूत घडतं कसं, याचं उत्तर मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा उलटं वाटलं होतं. आधी पाहिलेला शब्द पुन्हा आला की मेंदू जास्त उजळत नाही, कमी उजळतो. तेच काम कमी श्रमात होतं. सिंडी लस्टिग आणि रँडी बकनर यांनी २००४ मध्ये तरुण, वृद्ध आणि सुरुवातीच्या टप्प्यातले अल्झायमरचे रुग्ण यांना शब्दाची वस्तू सजीव की निर्जीव, हे ठरवायला लावून मेंदूचं चित्रण केलं. शब्द पुन्हा आला की उत्तर लवकर येई आणि डाव्या पुढच्या भागातली हालचाल कमी होई. तिन्ही गटांत. गंमत म्हणजे इथे काम अर्थाचं होतं, आणि तरी रुग्णांना फायदा झाला. फक्त त्यांना शब्द शोधून आणायचा नव्हता, समोर आलेल्या शब्दाबद्दल निवाडा द्यायचा होता. ‘ओळखणं की शोधणं’ म्हणणाऱ्यांच्या पारड्यात हा निकाल पडतो.

शब्दांच्या पलीकडेही काही मुरतं. आयोवा विद्यापीठात एडमारी गुझमान-वेलेझ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्याच वेळात त्यांना त्यातलं फारसं काही सांगता येईना. दुःख मात्र त्यानंतरही टिकून राहिलं. ज्यांना तुकडा सर्वांत कमी आठवत होता, त्यांच्यात तर ते अधिक रेंगाळलं. आपण का उदास आहोत, याचं कारण हाताशी नसलं की उदासी झटकायची तरी कशी?

हे वाचून आपल्याकडच्या घरांतलं एक दृश्य डोळ्यांपुढे येतं. सुट्टीला आलेला भाचा खाटेजवळ वाकून विचारतो, ‘मावशी, मी कोण सांग बघू?’ मावशी बघत राहते. ‘आठव ना, आठव!’ मग ती कसंनुसं हसून ‘रमेश?’ म्हणते, आणि खोलीतले सगळे एकदम ‘नाऽही!’ करतात. ग्राफ यांच्या प्रयोगातलं बंद होणारं दार ते हेच. त्याहून वाईट म्हणजे ‘रमेश’ हा शब्द आता तिच्या तोंडून या चेहऱ्यासमोर एकदा निघालेला आहे. पुढच्या वेळी तोच अधिक सहज निघण्याची शक्यता वाढली. चूक आठवून ती टाळायला जी स्मृती लागते ती नाही, आणि चूक पुन्हा करायला जी पुरते ती आहे. अॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये स्मृती गेलेल्या रुग्णांवर हेच दाखवलं. अंदाज बांधू देऊन शिकवण्यापेक्षा, चुकायची संधीच न देता शिकवलेलं त्यांच्यात जास्त टिकतं.

‘मावशी, मी नंदू, तुझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा’ असं आधीच सांगून टाकलं, तर काही बिघडत नाही. मग थोड्या वेळाने नाव विचारायचं, आधी काही सेकंदांनी, मग मिनिटाने, मग दोन मिनिटांनी. चुकलं तर लगेच बरोबर नाव सांगून अंतर पुन्हा कमी करायचं. अमेरिकेत कॅमेरॉन कॅम्प यांनी अल्झायमरच्या रुग्णांसाठी ही अंतर वाढवत नेण्याची पद्धत रुळवली. इंग्लंडमध्ये लिंडा क्लेअर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या एका गृहस्थांना त्यांच्या क्लबातल्या सोबत्यांची नावं फोटोंवरून, चुका टाळून शिकवली. क्लबात गेल्यावर प्रत्यक्ष चेहऱ्यांपुढेही त्यांना ती सांगता आली, आणि नऊ महिन्यांनीही ती टिकून होती. ही नावं अव्यक्त वाटेने आत गेली की उरल्यासुरल्या व्यक्त स्मृतीच्या जोरावर, यावर मानसशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. क्लबातल्या मंडळींना तो प्रश्न पडला असेल असं वाटत नाही.